खरा काळा

“डाग तसाच आहे मॅडम,” वंदनाताई फोनवर म्हणाल्या. “तुम्ही दिलेल्या नव्या टीव्हीतही आहे. तिथंच, मधोमध.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. अडचण कुणाला सांगावी हे न कळून शेवटी ओळखीच्या माणसाला सांगतात, तसा तो आवाज होता. शोरूमच्या भिंतीवरचे सगळे टीव्ही एकच चित्रफीत दाखवत होते. निळ्या पाण्यातून केशरी मासे डावीकडून उजवीकडे गेले, मग एक डाळिंब फुटलं आणि त्याचे दाणे हळूहळू सांडले. “कधीपासून?” नंदिनीने विचारलं. “पहिल्या दिवसापासूनच, असं म्हणतात बाबा आता. इतके दिवस बोललेच नाहीत. एवढा चांगला टीव्ही घेऊन दिला पोरीनं, आता कसं सांगू, असं वाटलं त्यांना. कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याला काही दिसलं नाही, पण बाबा हटून बसले, म्हणून पॅनल बदलून देतो म्हणाला. ते यायला वेळ लागेल. तुम्हीच दाखवला होता ना तो डाग, म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं.” नंदिनी हो म्हणाली, बघते म्हणाली, आणि फोन बंद झाल्यावरही तो कानाला तसाच धरून उभी राहिली. एसीचा झोत मानेवर येत होता. दोन वेगवेगळ्या तंत्रांच्या पडद्यांवर एकाच माणसाला एकाच जागी एकच डाग दिसत असेल, तर डाग पडद्यात नाही. हे वाक्य तिच्या डोक्यात आपोआप जुळून आलं, प्रयोगाच्या वहीत निष्कर्षाच्या रकान्यात लिहितात तसं. त्या वाक्याला बुद्धी लागत नव्हती. ते मे महिन्यातही जुळलं असतं.

मे महिन्यात बाहेर असं ऊन असायचं की निम्मी माणसं टीव्ही पाहायला नाही, गारव्याला यायची. वामनराव आणि त्यांची मुलगी वंदनाताई मात्र घ्यायच्या तयारीनेच आले होते. ते आधी अंकुशच्या टीव्हीसमोर थांबले. अंकुश नंदिनीच्या शेजारीच उभा असतो, पण दुसऱ्या कंपनीचा टीशर्ट घालून. तिचा पगार तिची कंपनी देते, त्याचा त्याची. कोण जिंकतं याचं शोरूमवाल्याला सोयरसुतक नाही. अंकुशच्या टीव्हीत मागे दिव्यांची एक चादर असते आणि पुढचा द्रवाचा पातळ थर जिथे हवा तिथे तो प्रकाश अडवतो. नंदिनीच्या टीव्हीत मागे काहीच नसतं. प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि स्वतःच विझतो. त्यामुळे अंकुशकडे उजेड जास्त आणि नंदिनीकडे काळा जास्त खरा. दोघांच्या भांडणाचा सगळा अर्थ एवढाच. सकाळी जो आधी येईल तो दुसऱ्याच्या टीव्हीची चमक हळूच खाली आणून ठेवायचा. ही त्यांची रोजची रीत होती, आणि त्यात कुणाला काही वाईट वाटायचं नाही. “काय वं, माह्या टीव्हीचा सूर्य कोणं मावळवला आज?” अंकुश विचारायचा. “मला काय माहीत, दिवे थकले असतील तुझे.” “तुह्या टीव्हीवर एक महिना न्यूज चॅनल लावून पाय. मग टीव्ही बदलला तरच त्या अँकरचं नाक जाईन.” यातलं काहीच अगदी खोटं नव्हतं. तिच्या ठिपक्यांवर स्थिर चित्राची खूण उमटू शकते, त्याच्या चादरीचा उजेड कुठेकुठे गळतो. ते दिवसभर एकमेकांचे डाग विकत.

वामनरावांनी पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. कन्हानकडच्या कोळसा खाणीत त्यांनी नोकरी केली होती. उजव्या डोळ्यात कोळशाची कपची गेली, तेव्हापासून त्याने फक्त उजेड कळतो, हे त्यांनी पाच मिनिटांत स्वतःच सांगून टाकलं होतं, एखादी जुनी ओळख सांगावी तसं. “घरचा टीव्ही म्हातारा झाला,” ते म्हणाले. “बातम्या देते त्या बाईचं तोंड मळकं दिसते. जसं काही कोणं मधात बोट पुसलं.” वंदनाताई एका शाळेत शिकवतात. वर्गात बोलावं तशा त्या म्हणाल्या, “मी म्हटलं आधी डोळे दाखवू. टीव्ही काय पळून जाते का बाबा?” “डोळा चांगला आहे वं माहा. चष्मा बदलतो म्हटलं ना.” मग ते अंकुशच्या टीव्हीकडे मान जराशी कलती करून पाहत राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “यातबी आहे थोडंसं.” अंकुश म्हणाला, “काका, चष्मा पुसा आधी.” आणि इथे नंदिनी पुढे झाली होती. पेनड्राइव्हवर तिने स्वतः बनवलेली चित्रं असतात. कंपनीने सांगितलेली नाहीत, तिला आवडतात म्हणून तिने संगणकावर तयार केलेली. एक पूर्ण राखाडी, एक बारीक रेघांच्या चौकटींचं, एक काळ्या आकाशातल्या ताऱ्यांचं. तिने अंकुशच्या टीव्हीवर राखाडी लावलं. सपाट राखाडीवर कुठल्याही पॅनलचा मळ दिसतो. याच्यावरही दिसला: खाली उजव्या कोपऱ्यात, ओल्या फडक्याने पुसून सोडावं तसा फिकट पट्टा. “दिसतोय ना काका?” “हो. मधात.” “हो,” नंदिनी म्हणाली.

ते हो तिने नंतर पुष्कळ वेळा ऐकलं. फोन आला त्या दुपारी, मग घरी जाताना गाडीवर, सिग्नलला थांबल्यावर. तिचं बोट कोपऱ्याकडे होतं आणि ते मधात म्हणाले होते. तिने ते ऐकलं होतं का? ऐकलं होतं. हो म्हणायच्या आधी एक छोटी फट होती, आणि त्या फटीत तिच्या मनात काहीतरी हललं होतं, हेही तिला आठवत होतं, किंवा आता आठवतंय असं वाटत होतं. हे दोन्ही वेगळं कसं काढायचं ते तिला कळत नव्हतं. वंदनाताईंनी तेव्हा पुन्हा विचारलं होतं, सरळ, तिच्याकडे पाहून, “डोळ्यांचं तर नाही ना हे?” आणि नंदिनी म्हणाली होती, “नाही ताई. हे डोळ्यांचं नाही, पॅनलचं आहे. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलंय.” हे दुसरं वाक्य कुणी विचारलं नव्हतं. ते तिच्या तोंडून आलं, आणि वंदनाताईंच्या कपाळावरची आठी गेली. मग नंदिनीने दोघांना आपल्या टीव्हीसमोर आणलं आणि तारे लावले. पडदा काळा झाला, इतका की त्याची कड भिंतीवर कुठे संपते ते कळेना. वामनराव एक पाऊल पुढे सरकले. “खाणीत खाली गेल्यावर टोपीचा दिवा बंद केला ना पोरी,” ते म्हणाले, “तर असं. हात डोळ्यासमोर आणा, हात नाही. वर आल्यावर रातीचा अंधार पाहून आमाले हसू ये. हा काय अंधार आहे म्हणा. हा खरा काळा आहे.” “डाग दिसतो का यात?” “नाही वं. यात काय दिसन?” तेव्हा सगळे हसले होते, अंकुशसुद्धा. काळ्यावर काळा डाग कुणालाच दिसत नाही. राखाडी चित्र तिने आपल्या टीव्हीवर लावलं नाही. चौकटींचं तर कुठेच लावलं नाही.

एम.एस्सी.ला असताना प्रयोगशाळेत प्रेमिला मॅडम म्हणायच्या, आधी अंधाराचं वाचन घ्या. प्रकाश मोजायच्या आधी दिवा झाकायचा, खोली बंद करायची आणि यंत्र काय आकडा दाखवतं ते लिहायचं. शून्य कधीच येत नाही. यंत्राच्या स्वतःच्या आतून थोडं काहीतरी येतंच, ते नंतरच्या प्रत्येक वाचनातून वजा करायचं. नाहीतर तुम्ही यंत्राला मोजता आणि प्रकाशाला मोजलं असं म्हणता. वर्गातली बाकी मुलं हे वाचन अंदाजाने टाकून द्यायची. नंदिनी कधीच नाही. काळ्या कापडाखाली डोकं घालून, श्वास रोखून ती तो बारीक थरथरणारा आकडा पाहायची आणि तिला वाटायचं की खोलीत कुणीच नसताना ते यंत्र स्वतःशी काय बोलतं ते फक्त आपल्याला ऐकू येतंय. तीच नंदिनी शोरूममध्ये उभी होती आणि समोरच्या माणसाने मान कलती करून सांगितलं होतं की मधात आहे, आणि तिने अंधाराचं वाचन घेतलं नव्हतं. विसरली असती तर तिला बरं वाटलं असतं. पण विसरण्याची तिची सवय नव्हती. नरखेडकडच्या तिच्या गावी संत्र्याचा तोडा झाला की बाबा पेटीचा वरचा थर तिला लावायला सांगायचे, कारण रंग निवडायला तिचा हात चांगला. एकदा तिने विचारलं होतं की मोठी मोठी वरच काहून. बाबा म्हणाले होते, “यात खोटं काय आहे? वरची बी आपलीच आहे, खालची बी आपलीच.” ते उत्तर तिला तेव्हा पटलं होतं. आता सिग्नलवर, समोरच्या बसचा मागचा लाल दिवा पाहताना, तिला त्या पेटीच्या गवताचा वास आला. कोपऱ्यातला पट्टा खराच होता. आपल्या टीव्हीत तो नव्हता हेही खरं होतं. तिने ठेवलेला प्रत्येक तुकडा खरा होता, आणि तिने तो वरच्या थरात ठेवला होता.

हुडकेश्वरला वामनरावांचं घर विहाराच्या मागच्या गल्लीत होतं; नवीन प्लॉट, अर्ध्यांवर घरं, अर्ध्यांवर पावसाने वाढलेलं गवत. ती सुट्टीच्या दिवशी गेली, अंकुशला न सांगता. टीव्ही भिंतीवर होता आणि त्याच्याखाली, पूर्वी जुना टीव्ही असायचा त्या टेबलावर, लाल कापडात गुंडाळलेला ग्रंथ. वामनरावांनी तिला समोरच्या खुर्चीत बसवलं. “जय भीम. बस वं. चहा घेशीन ना?” ते म्हणाले आणि बोलताना तिच्या कानाकडे पाहिलं. वंदनाताईंनी आतून सांगितलं की यंदा वर्षावास सुरू झाला, त्यात पावसाळाभर ग्रंथ वाचतात, पण बाबांनी विहारात वाचायला नाही म्हटलं. किती वर्षं तेच वाचतात. संध्याकाळी माणसं जमतात, हे खणखणीत आवाजात वाचतात आणि मध्ये थांबून समजावून सांगतात. यंदा म्हणाले, विहारातले प्रेमानंद वाचतील. “चष्म्यानं धोका दिला,” वामनराव म्हणाले. “अक्षर असं येते, अन् मधलं गिळून टाकते. ‘दुःख’ वाचाले गेलो तर ‘दु’ दिसते, पुढं काही नाही.” ते हसले. नंदिनी हसली नाही. तिने पेनड्राइव्ह लावला आणि चौकटी आणल्या, पांढऱ्यावर बारीक काळ्या रेघा, शाळेच्या गणिताच्या वहीसारख्या. ते उठून पडद्याजवळ गेले आणि बोटाने दाखवू लागले. “हे पाय. इथून सरळ येते, अन् इथं अशी वाकते, पाण्यात काडी वाकते तशी. अन् इथं तर रेघच नाही. माणूस आला होता त्याले म्हटलं, बाप्पा, तुले दिसत नाही का.” नंदिनीला सगळ्या रेघा सरळ दिसत होत्या. “काका,” ती म्हणाली, आणि आवाज नीट निघाला याचं तिला नवल वाटलं, “आता टीव्हीच्या वरच्या कोपऱ्याकडे पाहा. मधे पाहू नका. कोपऱ्याकडेच. आता डाग कुठे आहे?” ते थांबले. “कोपऱ्यात,” ते म्हणाले. “आता घड्याळाकडे.” खोलीत चहाच्या भांड्याचा आवाज येत होता, तोही थांबला. “घड्याळाचे काटे नाहीत,” वामनराव म्हणाले. बाहेरची वस्तू तुम्ही दुसरीकडे पाहिलं तरी आपल्या जागी राहते. आतली तुमच्याबरोबर चालते. विचारायचं ते एवढंच होतं, आणि डाळिंबाच्या दाण्यांसमोर उभं राहून ते विचारायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नसता.

पुढचं फार पटापट झालं; दवाखान्यात नंदिनीही बरोबर गेली. डॉक्टरबाई तरुण होत्या आणि थकलेल्या. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या बरोबर मध्यभागी रक्तवाहिन्या वाढून गळल्या होत्या; मधलं गेलं ते गेलं, आता इंजेक्शनं देऊन पसरणं थांबवायचं, कडेची नजर राहील, फिरता येईल, वाचता येणार नाही. “चांगला डोळा हा एकच होता यांचा. दोनतीन महिने आधी आणायला हवं होतं,” त्या म्हणाल्या, कुणावर न रागावता. वंदनाताई जमिनीकडे पाहत म्हणाल्या, “आम्हाला वाटलं टीव्ही.” हे वाक्य बोलताना त्यांनी नंदिनीकडे पाहिलं नाही, आणि नंदिनीला कळेना की मुद्दाम पाहिलं नाही की पाहायचं सुचलं नाही. ती शब्द जुळवत होती. तेवढ्यात वामनरावच डॉक्टरांना म्हणाले, “टीव्हीवाली पोरगी आहे ही. हिनंच ओळखलं. कंपनीच्या माणसाले नाही जमलं, हिनं एका मिनटात सांगतलं का टीव्हीत नाही, तुमच्या डोळ्यात आहे. हिच्यानं उरलं तेवढं वाचलं.” डॉक्टरबाईंनी नंदिनीकडे कौतुकाने पाहिलं. “छान केलंत. असं कुणाच्या लक्षात येत नाही.” नंदिनीने तोंड उघडलं, पण डॉक्टरबाई पुढे बोलू लागल्या होत्या. त्या वामनरावांना समजावत होत्या: समोरचं पाहायचं असेल तर आता थोडं बाजूला बघायचं, मान वळवायची, म्हणजे चेहरा डागाच्या बाहेर येतो. लोकांना वाटेल की तुम्ही तोंड फिरवलं, वाटू द्या. वामनरावांनी लगेच करून पाहिलं. वंदनाताईंच्या डाव्या खांद्यापलीकडच्या खिडकीकडे तोंड वळवलं आणि म्हणाले, “हो, दिसली. टिकली लावली नाहीस वं आज.” वंदनाताई रडल्या. नंदिनी बाहेर येऊन पाण्याच्या मशीनजवळ उभी राहिली. मागून कुणीतरी विचारलं, पाणी येतंय का, आणि ती बाजूला झाली.

मग ती गोष्ट गल्लीत पसरली. टीव्हीवाल्या पोरीनं डोळा ओळखला. रविवारी वंदनाताईंनी आग्रहाने तिला विहारात नेलं. पुढे बसून प्रेमानंद वाचत होते, बारीक, ठेचकाळत्या आवाजात, आणि शेजारी वामनराव मान भिंतीकडे वळवून बसले होते. प्रेमानंद कुठे अडले की वामनराव तो शब्द आधीच म्हणून टाकत. पानंच्या पानं त्यांना पाठ होती. पण जिथे पाठ नव्हतं तिथे दोघंही थांबत, आणि त्या शांततेत माणसं चुळबुळत. वाचन झाल्यावर वामनरावांनी तिला उभं केलं, नाव सांगितलं, आणि बायांनी तिच्याकडे पाहून हात जोडले. नंदिनीनेही जोडले. त्यानंतर शोरूममध्ये हुडकेश्वरची माणसं तिला शोधत येऊ लागली. “त्या नंदिनी मॅडम कोण?” दारातच विचारायचे. अंकुश म्हणायचा, “मी बी आहे इथं, पगार मले बी भेटते,” आणि ते त्याच्याकडे न पाहता तिच्यापाशी यायचे, कारण ती खरं सांगते. तिची विक्री वाढली. मॅनेजरने सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं. “काय जादू केली वं त्या एरियात?” अंकुशने विचारलं. सकाळी लवकर येऊन त्याच्या टीव्हीची चमक खाली करायची तिने सोडून दिली होती, आणि ते त्याच्या लक्षात आलं होतं. “बिमार आहेस का? माहा टीव्ही आजकाल फारच छान दिसून राहिला.” तोही मग तिच्या टीव्हीला हात लावेनासा झाला. गंमत एकट्याने करता येत नाही. नंदिनी रिकाम्या वेळात पडद्यांसमोर उभी राहायची आणि एक डोळा तळहाताने झाकायची, मग दुसरा. तिच्या रेघा सरळ होत्या. प्रत्येक वेळी सरळ. तिला एखादी तरी वाकडी दिसली असती तर चाललं असतं, असा विचार येऊन गेला, आणि त्या विचाराचीही तिला लाज वाटली, कारण तोही स्वतःला सूट देण्याचाच एक प्रकार होता. सांगायचं तर कुणाला? वंदनाताईंना सांगितलं तर त्यांना कळेल की आपली शंका बरोबर होती आणि आपण ती सोडली. नंदिनीचं ओझं उतरून त्यांच्या डोक्यावर जाईल. हे कारण खरं होतं. वरच्या थरातलं होतं.

दिवाळीच्या आधी वामनराव प्रेमानंदांना घेऊन आले. “याले टीव्ही पाहिजे,” ते म्हणाले. “बिनाडागाचा दे. माह्यासारखा नको.” प्रेमानंद लाजल्यासारखे हसले. “मले काही समजत नाही पोरी. दोन्हीतला चांगला कोणता?” अंकुश आपल्या जागी हाताची घडी घालून उभा राहिला, हुडकेश्वरचं गिऱ्हाईक, आपल्याला काही मिळणार नाही हे त्याला ठाऊक होतं. नंदिनीच्या खिशात पेनड्राइव्ह होता. तारे लावायचे, खाणीतला काळा दाखवायचा, वामनराव स्वतःच पुढचं बोलले असते. तिने अंकुशचा रिमोट मागितला. “काहून?” “दे ना.” तिने दोन्ही टीव्हींची चमक सारखी केली, नीट, कुठला आकडा वर नाही, कुठला खाली नाही, आणि दोन्हींवर चौकटी लावल्या. एकाच मापाच्या, एकाच जाडीच्या रेघा. “काका, एक डोळा झाका,” ती प्रेमानंदांना म्हणाली. “मधल्या ठिपक्याकडे पाहा. रेघा सरळ आहेत?” “सरळ आहे.” “आता दुसरा. आता या टीव्हीवर तसंच.” “सरळच आहे बाप्पा. टीव्ही घ्याले आलो का दवाखान्यात?” “डोळे चांगले आहेत तुमचे. टीव्ही दोन्ही चांगले आहेत. खोलीत उजेड फार असेल तर याचा घ्या,” तिने अंकुशकडे बोट दाखवलं, “अंधार करून पाहत असाल तर माझा.” अंकुशने हाताची घडी सोडली.

“मले पाहू दे,” वामनराव म्हणाले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते अंकुशच्या टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले, सरळ, आणि बोट पुढे केलं. मग तिच्या टीव्हीसमोर. मग पुन्हा अंकुशच्या. वर जळणाऱ्या दिव्यांखाली त्यांच्या पांढऱ्या शर्टावर दोन्ही पडद्यांचा पांढरा उजेड पडत होता आणि कुठला कुणाचा ते सांगता आलं नसतं. “दोन्हीत सारखंच आहे,” ते म्हणाले.

“हो काका.”

“हेच दोन टीव्ही होते ना गा अंकुश, त्या दिवशी?”

“होय,” अंकुश म्हणाला आणि रिमोटकडे पाहू लागला.

“म्हणजे त्या दिवशीबी दोन्हीत सारखंच दिसलं असतं.” ते सावकाश बोलत होते, विहारात एखादं वाक्य थांबून समजावून सांगताना बोलत असतील तसे, फक्त इथे श्रोता ते स्वतःच होते. “मग हे चित्र त्या दिवशी काहून नाही लावलं वं?”

तिच्याकडे उत्तरं होती. कोपऱ्यातला पट्टा खरोखर होता. ग्राहकाला मळ दाखवायला राखाडीच लावतात, चौकटी नाही. ती डॉक्टर नव्हती. ती प्रत्येक उत्तराकडे वळून पाहत होती, आणि तिने कुठेही पाहिलं तरी मधोमध तेच होतं.

“लावलं असतं तर तुम्ही आधी डोळे दाखवले असते,” नंदिनी म्हणाली. “टीव्ही घेतला नसता.”

भिंतीवरच्या बाकी टीव्हींमध्ये मासे गेले, डाळिंब फुटलं. वामनराव तिच्याकडे सरळ पाहत होते, आणि तिला माहीत होतं की असं सरळ पाहताना त्यांना ती दिसत नाही. दोन खांदे दिसत असतील, केस दिसत असतील, आणि जिथे तोंड आहे तिथे काही नाही. तिला वाटलं की हेच बरं आहे. मग त्यांनी हळूच मान वळवली, दाराच्या बाजूला, बाहेरच्या उन्हाकडे, आणि तोंड तसंच फिरवून ते उभे राहिले. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की लोकांना तसं वाटेल. ते जाण्यासाठी वळले होते की तिला पाहण्यासाठी, हे तिला इथून कळायला काही मार्ग नव्हता. अंकुशने मागून अगदी हलक्या आवाजात तिचं नाव घेतलं. नंदिनी जागची हलली नाही, हातही चेहऱ्याकडे नेला नाही. ते पाहत असतील, तर त्यांना नीट दिसावं म्हणून.